न वाचता केलेली सही

२७ जानेवारी

म्हशाची जत्रा उठली. पंधरा दिवस आकाशपाळण्याच्या तिकिटाला उभा होतो, कानात अजून भोंगा वाजतोय. मालक म्हणाला, पुढच्या जत्रेला चल. मी म्हटलं येतो, आणि तंबाखू आणायला म्हणून निघालो तो मुरबाडच्या एसटीत चढलो. माझं असंच होतं. अकरावी सोडली त्या दिवशीही कॉलेजलाच निघालो होतो.

ही डायरी किन्हवलीच्या खतवाल्यानं दिली. पानापानावर गोणीचं चित्र आहे. उरलेल्या जागेत लिहायचं.

घरात आता आई आणि भूमी, आणि असलो तर मी. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. शेजारच्या घरात पंढरीकाका, बाबांचे धाकटे भाऊ. ते रोज आसनगावहून कल्याणला कचेरीत जातात, त्यामुळं अख्ख्या आळीचे कागद तेच बघतात.

भूमी म्हणजे भूमिका, माझी धाकटी. मागच्या महिन्यात अठराची झाली. चौदाची होती तेव्हा ठाण्याच्या डॉक्टरनं ऑटिझम सांगितला. कागदावर स्वमग्नता लिहिलंय. गावात येडी भूमी म्हणतात, पण समोर कोणी म्हणत नाही, कारण ती चूक सुधारते. ‘येडी नाय, स्वमग्न,’ म्हणते आणि समोरच्याला उभं करून अर्धा तास समजावते.

मी उंबऱ्यात पाय ठेवला तशी म्हणाली, “भातसा एकशे एकतीस पूर्णांक चार.” लोक रामराम करतात, ती धरणाची पातळी सांगते. भातसानगरच्या एका कर्मचाऱ्याचा नंबर मिळवलाय, रोज विचारते.

केस अगदी बारीक कापलेत तिचे. आईनंच कापले. “उवा झालेल्या,” आई म्हणाली. मग स्वतःचा अंबाडा कसा सोडला कोण जाणे.

३० जानेवारी

सकाळी काकांनी ओटीवरून हाक मारली. “कुंड्या, रिकामा हाय ना? पंच म्हणून सही पायजे.”

आमच्या गावात पंच म्हणजे जो रिकामा दिसेल तो. माझ्या आजवर पन्नासेक सह्या झाल्या असतील. पडलेली भिंत, मेलेली म्हैस, कोणाचा वारस तपास. न बघितलेल्या म्हशीचा पण पंच आहे मी.

“कशाचं हाय काका?”

“भूमीच्या भल्याचं हाय. इथं कर. इथं पण.”

तेवढ्यात रस्त्यानं मेंढ्यांचा कळप निघाला. घोड्याच्या पाठीवरच्या पिशवीतून एका कोकराचं तोंड बाहेर आलेलं, एकदम म्हाताऱ्या बाईसारखं. ते बघत बघत सह्या केल्या. मी डावखुरा, त्यामुळं शाई हाताला पुसली गेली. दुपारी कळपामागं शाई नदीच्या पुलापर्यंत गेलो. मेंढपाळ म्हणाला, घोडा चावतो. चावला.

२ फेब्रुवारी

राबाचं काम. पेरणीच्या जागेवर आधी शेण, मग पालापाचोळा, मग गवत, वरून माती. सुकलं की भाजायचं, मग पावसात भाताची रोपं. भूमीचे थर मोजून मापून असतात, माझा पाला वाकडा पडला की उचलून परत घालते.

मधेच म्हणाली, “दादा, मी मुलगा आहे.”

मी म्हटलं, “बरं.” मला वाटलं काहीतरी नवीन खेळ.

“बरं काय? समजलं का?”

“नाय.”

“मग नाय म्हण. बरं कशाला म्हणतोस?”

मग गवताचा भारा खाली ठेवून तिनं सगळं नीट सांगितलं. लहानपणापासून असंच आहे. आधी वाटायचं सगळ्याच मुलींना असं वाटत असेल आणि त्या ते सहन करत असतील, जसा फटाक्यांचा आवाज सगळे सहन करतात. मग मोबाइलवर कळलं की सगळ्यांना असं वाटत नाही. कल्याणच्या एकाशी वर्षभर लिहून लिहून बोलणं आहे. त्यालाही दोन्ही आहे, ऑटिझम पण आणि हे पण.

“दोन्ही असणारे पुष्कळ सापडतात. अभ्यास झालाय.”

“म्हणजे एकामुळं दुसरं होतं?”

“तू डावखुरा हायस आणि तुला दमा हाय. डाव्या हातामुळं दमा झाला का?”

“नाय.”

“दोन्ही एकत्र जास्त का सापडतात ते अजून कोणाला नक्की माहीत नाय. माहीत झालं की सांगीन.”

नावही ठरलंय. भगीरथ. मी हसलो. म्हटलं, अरे, साठीच्या आतला एक तरी भगीरथ दाखव. तर म्हणे म्हणूनच घेतलं. गावची मतदार यादी बघितली. ओमकार पाच, कुंडलिक तीन, भगीरथ एकही नाही. म्हणजे गोंधळ नको.

नव्या नावाचं सरकारी ओळखीचं कार्ड मिळतं म्हणे, स्वतःच्या सहीनं अर्ज करून. अठरा पूर्ण व्हायची वाट बघत होता.

इथून पुढं मी ‘तो’ लिहीन. चुकलो तर खोडीन.

८ फेब्रुवारी

काकांना सगळं आधीपासून माहीत आहे. आज रविवार नसूनही घरी राहिले आणि आईसमोर बसले. भगीरथ आत होता. आतलं बाहेर ऐकू येतं, बाहेरचं आत येत नसेल असं काकांना का वाटतं?

“वहिनी, हे डोक्यात घुसलेलं हाय. त्या आजाराचाच भाग. मागं नाय का, पांढरंच खाणार म्हणून बसलेली? भात, मुळा, खोबरं. दोन वर्षं छळलं. गेलंच ना ते? तसं हे पण जाईल. तवर कागदावर काय चढता कामा नये.”

आतून भगीरथ बोलला, “ते गेलं नाय. मी अजून पांढरंच खातो. तुमी बघायचं थांबवलं.”

काका आईकडं बघत राहिले. आई चुलीकडं वळली. तीन वर्षं तिनं वेगळ्या टोपात शिजवलं आणि कोणाला कळलं नाही. मलाही नाही, पण मी कुठं घरी असतो.

मी विषय बदलायला म्हटलं, काका, कसाऱ्याच्या घाटात बिबट्या दिसला म्हणतात. काकांनी चपला घातल्या.

१७ फेब्रुवारी

आज वाईट झालं.

दुपारी ठाण्याहून काजल मॅडम आल्या, गृहचौकशीला. मी बाजेवर बसून चपलेचा अंगठा शिवत होतो. मॅडम चांगल्या, आवाज हळू. आधी विचारलं, पंखा बंद करू का, त्रास होतो का? भगीरथनं मान हलवली.

मग त्यांनी फाइल उघडली. काकांनी अर्ज केलाय. ऑटिझम असलेल्या माणसाला अठरा झाल्यावर कायद्यानं पालक नेमता येतो, ठाण्याला त्याची समिती आहे. काका पालक झाले की बँकेत, दवाखान्यात, कुठंही सही काकांची. भगीरथच्या सहीला अर्थ नाही. म्हणजे कार्डाच्या अर्जालाही नाही.

“दोन पंचांचे जबाब आहेत,” मॅडम म्हणाल्या आणि वाचलं. ‘सदर मुलीस स्वतःचे बरे-वाईट कळत नाही. ती स्वतःविषयी कोणताही निर्णय घेण्यास असमर्थ आहे, हे आम्ही लहानपणापासून पाहत आहोत. सही, कुंडलिक.’

माझीच सही. शाई पुसलेली सुद्धा.

भगीरथ माझ्याकडं बघत नाही सहसा, कोणाकडंच बघत नाही. आज बघितलं.

“तू पाहत आहेस?” म्हणाला. “तू तर इथं नसतोस.”

मॅडमनी लिहून घेतलं. मी सांगायला हवं होतं की वाचलं नव्हतं. पण सुई बोटात घुसली आणि सगळं त्या बोटाकडं गेलं.

१८ फेब्रुवारी

भातसा किती ते आज सांगितलं नाही मला. आईला सांगितलं.

१९ फेब्रुवारी

काकांकडं गेलो. म्हटलं, “भल्याचं हाय बोललात.”

“मग भल्याचंच हाय.”

“मला वाचून तरी दाखवायचं.”

“तुला हात बांधलेले? वाचता येतं ना?”

“पण ती, तो, निर्णय घेतो की. तुमच्यापेक्षा सरळ घेतो.”

तेव्हा काका भडकले. “उद्या कोणी गोड बोलून अंगठे घेतले, जमीन घेतली, पोर कुठं पळवून नेली, तर कोण बघणार? मी हाय तवर हाय. मग कोण? तू? भाऊ दवाखान्यात होता तेव्हा कुठं होतास रे? सतरा फोन केले. मनोरला ढाब्यावर भांडी घासत होतास ना?”

घासत नव्हतो. गिऱ्हाइकाला वाढत होतो. फोन पिशवीत होता.

त्याच अर्ध्या शिवलेल्या चपलेनं गाव सोडून निघालो.

२२ फेब्रुवारी

कसारा. घाटाच्या तोंडाशी ढाब्यावर आहे. इथं ओमकार भेटला, ट्रकवाला, जत्रेतला ओळखीचा. इंदूरची फेरी करतो. क्लीनर पाहिजे म्हणाला. इंदूरला म्हणे सकाळी पोह्यावर शेव घालतात, वरून जिलबी. मी कधी गेलो नाही.

दुपारी आईचा फोन. मी वाट बघत होतो, ओरडेल, रडेल. म्हणाली, “राब भाजायचाय. वारा पडलाय. दोघांनी होत नाय.” ठेवला.

सगळी आळी आहे राब भाजायला. मलाच कशाला बोलावलं?

२३ फेब्रुवारी

आलो. राब भाजला. भगीरथ वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवत गेला, मी पाण्याची कळशी घेऊन मागं. धुरानं दमा उसळला. तो पंप घेऊन आला, हातात ठेवला आणि परत पेटवायला गेला.

संध्याकाळी मीच म्हटलं, “मी वाचलं नव्हतं.”

“माहीत हाय.”

“कसं?”

“तू कायच वाचत नायस. म्हणून जास्त राग आला.”

“आता काय करू?”

“जे केलंस ते नाय केलं असं होत नाय. पण लिहिता येतं.”

२६ फेब्रुवारी

कोरे कागद घेऊन बसलो. चार फाटले. ‘मी खालील सही करणार असे लिहून देतो की’ इथपर्यंत सोपं असतं, पुढं अवघड. शेवटी बोलतो तसं लिहिलं. मी मेंढ्या बघत होतो, न वाचता सही केली, त्यात लिहिलेलं मला पटत नाही, भावाला बरं-वाईट कळतं, आमच्या घरात बहुतेक त्यालाच जास्त कळतं.

शहापूरला जाऊन झेरॉक्स काढली आणि कागद ठाण्याला रजिस्टरनं पाठवला. पोस्टातली बाई म्हणाली, पत्ता उलटा लिहिलाय. परत लिहिला.

काकांना स्वतः जाऊन सांगितलं. म्हणाले, “सही केल्यावर फिरतोस? आत टाकतील.” मग पाठमोरे झाले. म्हणाले, “तुझ्यावर भरवसा ठेवून पंच केला.” मला पहिल्यांदा वाटलं की हे मेंढ्या बघणाऱ्या कोणालाही पंच करतात असं नसावं.

घरी आलो तर भगीरथ म्हणाला, “एकशे एकोणतीस पूर्णांक नऊ.”

९ मार्च

समितीची तारीख आली. अठरा. ओमकारचा पण फोन आला. सतरालाच निघायचं इंदूरला. हे असंच होतं दर वेळी. आईला सांगितलं. ती म्हणाली, “जा की. तुला कधी कोणी अडवलंय?” आणि माझा पांढरा शर्ट धुवायला घेतला. ट्रकवर कोण पांढरा शर्ट घालतो?

ओमकारला म्हटलं, पुढच्या फेरीला येतो. त्यानं शिवी दिली. ठीक आहे.

१८ मार्च

ठाण्याहून आत्ता आलो, पाय धुऊन लिहायला बसलोय, नाहीतर विसरीन.

भगीरथनं कानाला झाकणं लावलेली, खडीच्या क्रशरवर वापरतात ती. मीच आणून दिली होती. एका बाकावर आई, तो आणि मी. काका दुसऱ्या बाकावर, इस्त्रीची पँट, मांडीवर फाइल. आमची एसटी त्यांचीच एसटी होती, पण ते पुढं बसले.

आत टेबलामागं तिघं. मोठे साहेब, एक डॉक्टर, एक संस्थेच्या बाई. काजल मॅडम बाजूला. माझा कागद वर होता. साहेबांनी विचारलं, “मेंढ्या बघत होतात?” मी म्हटलं, “कोकरू होतं.” त्यांनी पुढं विचारलं नाही.

काकांना बोलू दिलं. ते चांगलं बोलले, खरं सांगायचं तर. फाइल मिटून बोलले. “साहेब, माझ्या मोठ्या भावाचं पोर हाय. भाऊ असता तर मी कागद केलाच नसता.”

मग साहेब भगीरथकडं वळले. “पालक म्हणजे काय, माहीत आहे?”

त्यानं झाकणं काढली. “माझ्याऐवजी काका सही करणार. मी जिवंत असून.”

“आणि कोणी तुम्हाला फसवलं तर?”

“फसवतात. दादाला पण फसवतात. दादानं न वाचता सही केली. दादाला ऑटिझम नाय. मग त्याला पालक द्यायचा का?”

बाई हसल्या. साहेब हसले. काका पण हसले आणि मग खोकल्यासारखं केलं. भगीरथ एकेकाकडं बघत होता. तो विचारत होता हो, खरंच विचारत होता. उत्तर कोणी दिलं नाही म्हणून परत विचारलं, “द्यायचा का?”

“नाही,” साहेब म्हणाले.

“मग मला का?”

साहेबांनी डॉक्टरांकडं बघितलं.

डॉक्टर म्हणाले, “मुलगा असल्याचं जे वाटतं, ते ऑटिझममुळे वाटत असेल असं नाही वाटत?”

त्यानं झाकणांची पट्टी बोटावर फिरवली. काका पुढं सरकले. मी मांडी घट्ट धरली, माझीच.

“मला भातसा आवडतं ते ऑटिझममुळं असेल,” तो म्हणाला. “पण धरणात पाणी खरंच हाय ना?”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. नुसता.

“मदत लागते का तुम्हाला?” बाईंनी विचारलं.

“लागते. यादी हाय.” खिशातून घडी काढली. मी ही यादी बघितलेली नव्हती. त्यानं सरळ वाचली. “बँक, पंढरीकाका. दोन माणसं एकदम बोलली तर थांबवायला, आई. जेवण, आई. घाबरलो तर, आई, बोलायचं नाय, शेजारी बसायचं. दवाखाना आणि प्रवास, कुंडलिकदादा, कंसात, असला तर.”

“असला तर म्हणजे?”

“असतो कधी कधी.”

मी जमिनीवरच्या फरश्या मोजल्या. बारा दिसत होत्या टेबलापर्यंत.

अर्ध्या तासानं आत बोलावलं. पालक नेमायची गरज दिसत नाही, असा शेरा मारणार. हुकूम पोस्टानं येईल. मदतीची माणसं मात्र त्या यादीप्रमाणं खरी असली पाहिजेत, असं साहेब म्हणाले आणि बघितलं माझ्याकडं.

बाहेर काकांनी चौघांना चहा सांगितला. भगीरथला चहा चालत नाही, पांढरा नसतो. काकांनी दूध सांगितलं. न विचारता सांगितलं. मला वाटतं चुकून.

“मी वायट नाय रे,” काका म्हणाले, कोणाला ते कळलं नाही.

“वायट नाय,” भगीरथ म्हणाला. “यादीत पयलं नाव तुमचंच हाय, बँकेचं. बाकीचं चुकलं.”

काकांनी चहाचे पैसे दिले.

२२ मार्च

हुकूम आला. आईनं वाचायला लावला, मग परत वाचायला लावला, मग देवापाशी नाही ठेवला, पेटीत ठेवला. म्हणाली, देव काय पळून नाय जात, कागद जातो.

कार्डाच्या अर्जाचं काका म्हणाले, “मला त्यात ओढू नका. मला नाय पटत.” मी म्हटलं, नाही ओढत. आज सकाळी आमच्या ओटीवर त्यांची प्लास्टिकची पिशवी राहिलेली. आत आधारच्या, दाखल्याच्या झेरॉक्स, दोन-दोन संच, शिक्के मारून. द्यायला गेलो तर ते आसनगावला निघून गेलेले. त्यांच्या कामाचे दिसत नाहीत, नाव भूमिकाचं आहे. आले की विचारतो.

२४ मार्च

ओमकारचा ट्रक शहापूरच्या फाट्यावर येणार आहे आज अकरा वाजता. इंदूर. पोह्यावर शेव. पिशवी भरली. शर्ट दोन, पंप, ही डायरी.

आईला सांगितलं. तिनं भाकऱ्या बांधल्या. “पाडव्याला?” एवढंच विचारलं. मी म्हटलं बघू. आणि बोलल्यावर स्वतःलाच ऐकू आलं. सगळ्यांना मी हेच सांगतो. बाबांनाही सांगितलं असेल.

भगीरथ भिंतीपाशी उभा. तिथं त्यानं कोळशानं चौकोन आखलेत, महिन्याचे. एक एप्रिलला ठाण्याचा दवाखाना आहे, त्या चौकोनात माझं नाव आहे.

“तू जा,” म्हणाला. “जायला ना नाय. पण परत यायचा टाइम लिही.”

“ट्रकचं काय सांगता येत नाय रे. घाटात अडकलो, पंक्चर झालं...”

“ट्रकचा नको. तुझा लिही.”

कोळसा घेतला. डाव्या हातानं लिहिलं, एकोणतीस, शनिवार, शहापूरची सहाची एसटी. कोळसा ठिसूळ, दोनदा तुटला. कोणत्याही भिंतीवर, कोणत्याही कागदावर मी असं कधी लिहिलं नाही.

त्यानं जवळ येऊन वाचलं. “सहाची येत नाय. ती सहा वीसला येते.”

सहा पुसून सहा वीस केलं.

“आता त्या यादीतला कंस खोडशील?” मी विचारलं.

“नाय,” भगीरथ म्हणाला. “आधी ये.”